मिलिसेकंदांचा वाद: झिंक सल्फाइड, पुणे आणि मंद उजेडातली पेशी

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक. वरचे दोन दिवे बंद केले तरी चालतील, पुढे एक दोन चित्रं दाखवायची आहेत, आणि विषयही अंधाराचाच आहे.

येरवड्याला चाललोय असं म्हटलं की पुण्यात त्याचे दोनच अर्थ निघतात. तुम्ही इथेच राहता, तुम्हाला या विनोदाचा आता कंटाळा आला असेल, म्हणून तो मी करत नाही. पण त्यातल्या एका अर्थाशी, म्हणजे तुरुंगाशी, मला थोडं काम आहे. १९३२ साली गांधीजी इथल्या तुरुंगात होते. पुणे करार, उपोषण हे सगळं आपण शाळेत शिकलो. पण त्याच मुक्कामात त्यांना आकाशाचा नाद लागला होता. खगोलशास्त्राची पुस्तकं मागवून वाचायचे, रात्री अंगणात तारे ओळखायचे आणि पत्रांतून आश्रमातल्या लोकांनाही बघायला सांगायचे.

आज तुम्ही त्याच भागात रात्री गच्चीवर जा. काय दिसतं? शुक्र, गुरू, व्याध, आणि लोहगावला उतरणारं विमान. नव्वद वर्षांत तारे काही मंद झालेले नाहीत. त्यांच्याकडून येणारा उजेड तेवढाच आहे. आकाश उजळलंय. नगर रस्त्याचे दिवे, कंपन्यांच्या इमारती, सगळ्यांचा उजेड धुळीवर आपटून परत येतो आणि त्यात तारा बुडतो.

जिवंत पेशीच्या आत बघणाऱ्या माणसाची अडचण अगदी हीच आहे. पेशीतल्या एखाद्या प्रथिनाला त्यानं चमकणारा कण चिकटवलेला असतो. कण चमकतो, पण आपल्या शरीरातही आपोआप चमकणारे पदार्थ भरपूर आहेत. निळ्या किंवा अतिनील उजेडाखाली मांस, त्वचा, रक्तातली काही द्रव्यं, सगळं थोडं थोडं उजळतं. कण तारा आहे आणि पेशी म्हणजे नगर रस्ता. मग लोक म्हणतात, कण आणखी तेजस्वी करा. या एका वाक्यामागे लोकांनी तीस वर्षं घालवली. त्यात एक मोठी चूक झाली, ती चूक सापडली, आणि त्या सगळ्यात आपलं पुणं कुठे बसतं ते आज सांगायचंय.

गोष्टीचा नायक एक स्वस्त पांढरी पूड आहे, झिंक सल्फाइड. जस्त आणि गंधक. तिला मी नायक का म्हणतो? मंद उजेड मोजायला माणूस पहिल्यांदा शिकला तो हिच्याच जोरावर. १९०३ साली लंडनमध्ये विल्यम क्रुक्स यांच्या हातून रेडियमचा थोडासा अंश झिंक सल्फाइडच्या पडद्यावर सांडला. तो शोधायला त्यांनी भिंग लावलं तर पडद्यावर ठिणग्या उडताना दिसल्या. एक अल्फा कण, एक ठिणगी. पुढे मँचेस्टरला रदरफर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन काळोख्या खोलीत बसून या ठिणग्या मोजत. आधी अर्धा तास नुसतं अंधारात बसायचं, डोळे सरावेपर्यंत, आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एक, दोन, तीन. अणूच्या पोटात केंद्रक आहे हे अशा मोजणीतून कळलं. म्हणजे आजचा महागडा कॅमेरा जे काम करतो ते तेव्हा माणसाचा डोळा करत होता, आणि पडदा झिंक सल्फाइडचा होता.

शुद्ध झिंक सल्फाइड फारसं कामाचं नसतं. त्यात चिमूटभर दुसरा धातू मिसळला की ते रंग धरतं. तांबं घातलं तर हिरवा, चांदी घातली तर निळा. जुन्या टीव्हीच्या पडद्यात निळा ठिपका असाच बनायचा. आणि मँगनीज घातलं तर नारिंगी. आजची गोष्ट मँगनीजची.

आता थोडं शास्त्र सांगतो, पाच मिनिटं सहन करा. अतिनील किरण झिंक सल्फाइडच्या स्फटिकावर पडला की ऊर्जा स्फटिक शोषतो आणि आतल्या मँगनीजला देतो. मँगनीजच्या आयनाकडे बाहेरच्या बाजूला पाच इलेक्ट्रॉन असतात आणि नेहमीच्या स्थितीत पाचही एकाच दिशेला तोंड करून असतात, कवायतीला उभी मुलं असावीत तसे. ऊर्जा मिळाली की त्यातलं एक पोरगं उलट तोंड करतं. परत मूळ जागी यायचं तर त्याला पुन्हा वळायला हवं, आणि क्वांटम नियमांप्रमाणे असं वळायची परवानगी जवळजवळ नसते. जवळजवळ, अगदीच नाही असं नाही. म्हणून ते ताटकळतं. साधारण १.८ मिलिसेकंद. मग वळतं आणि नारिंगी फोटॉन बाहेर पडतो. आपल्याला १.८ मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, पण साधा फ्लुरोसंट रंग हेच काम चारेक नॅनोसेकंदांत उरकतो. म्हणजे मँगनीज काही लाख पटींनी सुस्त.

या सुस्तीचा परिणाम काय होतो? रिक्षा धरा. भाडं घेतलं, सोडलं, परत स्टँडवर. एका फेरीला दोन मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला पाचशेच फेऱ्या होणार. स्टँडवर कितीही गर्दी होऊ दे, ही रिक्षा सेकंदाला पाचशेच्या वर फोटॉन देऊ शकत नाही. रंगाचा रेणू त्याच हिशेबानं सेकंदाला कोटींच्या घरात जाऊ शकतो. पण, आणि हा पण लक्षात ठेवा, शेवटी तो परत येणार आहे, गर्दीच नसेल तर फेरीला किती वेळ लागतो याला काही अर्थ नाही. रांगेत एकच माणूस उभा असेल तर जलद रिक्षा आणि सुस्त रिक्षा दोघींना भाडं एकच.

१९९४ साली जानेवारीत फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये एक निबंध आला. रामेश्वर भार्गव, भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ, अमेरिकेत फिलिप्सच्या प्रयोगशाळेत काम केलेले, आणि त्यांचे तीन सहकारी. त्यांनी मँगनीज घातलेलं झिंक सल्फाइड नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागाच्या मापात केलं होतं. त्यांचा दावा दुहेरी होता. एक, हे चिमुकले कण शोषलेल्या फोटॉनपैकी १८ टक्के परत देतात, जे एवढ्या लहान कणाला तेव्हा फार होतं. दुसरं, आणि खरा स्फोट इथे होता, त्यांनी मोजलेला वेळ मिलिसेकंदांऐवजी नॅनोसेकंदांत होता. म्हणजे सुमारे लाखपट जलद.

विचार करा याचा अर्थ काय. ताटकळणारं पोरगं ताटकळेनासं झालं. का, याचं कारणही त्यांनी दिलं होतं. कण एवढा लहान झाला की स्फटिकाचे इलेक्ट्रॉन आणि मँगनीजचे इलेक्ट्रॉन एकमेकांत मिसळतात आणि तो जुना नियम सैल पडतो. ऐकायला अतिशय पटण्यासारखं. आणि खरं असतं तर? जलद रिक्षा, चांगलं उत्पन्न, विषारी कॅडमियम नाही, रंगासारखं पटकन विटणं नाही. टीव्हीवाल्यांना हवं होतं, जीवशास्त्रवाल्यांना हवं होतं.

जगभरच्या प्रयोगशाळा या कणांमागे लागल्या, त्यात आपलं पुणं लवकर होतं. गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, प्रा. सुलभा कुलकर्णी यांचा गट नॅनोकणांवर काम करत होता. नॅनो हा शब्द तेव्हा मोटारीच्या नावाला किंवा साबणाच्या जाहिरातीला चिकटलेला नव्हता. १९९५ साली ॲप्लाइड फिजिक्स लेटर्सच्या ६७व्या खंडात या गटाचे दोन निबंध लागोपाठ आले. एक मँगनीज घातलेल्या झिंक सल्फाइडच्या कणांवर, पाण्यात बनवलेल्या. दुसरा तांबं घातलेल्या कणांच्या हिरव्या प्रकाशावर. पहिल्या निबंधाचे पहिले लेखक ए. ए. खोसरवी. भार्गवांचा निबंध छापून दोन वर्षंही झाली नव्हती. या कुलकर्णी मॅडमचं नॅनोटेक्नॉलॉजीवरचं इंग्रजी पाठ्यपुस्तक तुमच्यापैकी बीएस्सी-एमएस्सीला असलेल्यांनी हाताळलं असेल.

पाण्यात बनवणं या गोष्टीचं महत्त्व तेव्हा अनेकांना कळलं नव्हतं असं मला वाटतं. झिंकचं मीठ आणि मँगनीजचं मीठ पाण्यात विरघळवायचं, कणांना वाढू न देणारं एखादं द्रव्य टाकायचं, ढवळत ढवळत थेंब थेंब सोडियम सल्फाइड सोडायचं. दुधासारखं पांढरं होतं. अतिनील दिव्याखाली धरलं की नारिंगी. उच्च तापमान नाही, निर्वात भट्टी नाही. आणि पेशी पाण्यात राहते! तेलात बनलेला कण पेशीकडे न्यायचा तर आधी त्याचा कोट बदलावा लागतो आणि कोट बदलताना उजेड कमी होतो. पाण्यात बनलेल्या कणाला ती कटकट कमी. किंमत दुसरीकडे मोजावी लागते, स्फटिक तितका नेटका होत नाही. आणि वास. वाढ रोखायला गंधकवाली द्रव्यं वापरतात, त्यांचा वास सडक्या अंड्यापेक्षा वाईट. मी हे काम केलेलं आहे, माझ्या शेजारी बसमध्ये कोणी बसत नसे.

माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण भार्गवांच्या दाव्याबद्दल बोलण्याआधी ती सांगणं बरं. मी विद्यार्थी होतो. कुठे ते राहू द्या. एके दिवशी माझा एक नमुना भलताच चमकायला लागला. सहाशे नॅनोमीटरला, नारिंगी रंगात, टोकदार, देखणं शिखर. आधीच्या सगळ्या नमुन्यांच्या सातआठ पट. मी दोन दिवस हवेत. आलेख छापला, मार्गदर्शकांच्या टेबलावर ठेवायला निघालो. आमच्याकडे एक लॅब असिस्टंट होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. निवृत्तीला आलेले. त्यांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "उजेड कितीचा टाकला होतास?" मी म्हटलं, "तीनशेचा." मामा म्हणाले, "अन् शिखर सहाशेला आलं. तीन दुणे सहा."

बस. एवढंच बोलले.

प्रकाश वेगळा करणारी जाळी, ग्रेटिंग, हिची एक खोड आहे. तीनशेचा उजेड ती सहाशेच्या जागीही दाखवते, दुसऱ्या क्रमात. माझा नमुना गढूळ झाला होता, म्हणून दिव्याचा उजेड जास्त उधळत होता, आणि त्या उधळलेल्या अतिनील उजेडाचं भूत माझ्या आलेखात नारिंगी होऊन बसलं होतं. मामांनी मला मँगनीज न घातलेलं नुसतं गढूळ पाणी ठेवायला सांगितलं. तेही चमकलं! मधे एक साधी काच घातली, तीनशेचा उजेड अडवणारी, आणि माझा शोध नाहीसा झाला. ती काच खरं तर यंत्राच्या खालच्या खणातच होती. तेव्हापासून कोणी आठपट तेजस्वी म्हटलं की मी आधी विचारतो, कशाच्या आठपट, आणि मधे काच होती का.

भार्गवांची चूक इतकी बाळबोध नव्हती, हे आधीच सांगतो. त्यांचं यंत्र जलद होतं, अगदी काही नॅनोसेकंदांचा फरक टिपणारं. आणि तिथेच गोची झाली. समजा तुम्ही दारात उभे राहून एकच मिनिट रस्ता बघितला. त्या मिनिटात मोटारसायकली सुसाट जाताना दिसतील. आणि एक बैलगाडी? ती मिनिटाभरात हललीच नाही असं वाटेल, तुम्ही तिला रस्त्याकडेचं झाड समजाल आणि हिशेबातून वजा कराल. नॅनोसेकंदांच्या खिडकीतून मिलिसेकंदांचा उजेड असाच दिसतो, एक सपाट पट्टी. ती पार्श्वभूमी म्हणून सोडून द्यायचा मोह होतो.

१९९८ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात आगेथ बोल आणि आन्द्रिस मायरिंक यांनी तेच कण घेऊन पुन्हा मोजलं, पण खिडकी दोन्ही प्रकारची ठेवून. नॅनोसेकंदांत संपणारा उजेड खरंच होता. पण तो मँगनीजचा नव्हता. झिंक सल्फाइडच्या स्फटिकात जे दोष असतात त्यांचा निळसर उजेड पसरट असतो, त्याची शेपटी नारिंगीपर्यंत येते. जलद होती ती शेपटी. मँगनीजचा स्वतःचा उजेड तसाच सुस्त, सुमारे १.९ मिलिसेकंद. मोठ्या स्फटिकात असतो जवळपास तेवढाच. निबंधाच्या नावातच त्यांनी सांगून टाकलं होतं की नॅनोस्फटिकातलं मँगनीजचं उत्सर्जन दीर्घजीवी आहे. जपानमधल्या गटानंही पुढच्या वर्षी स्वतंत्रपणे मोजून तसंच सांगितलं.

चार वर्षं, पावणेपाच म्हणा, गेली होती. तेवढ्या काळात त्या जलद उजेडाचा आधार धरून पुष्कळ लिहिलं गेलं. सिद्धांतही मांडले गेले, जे घडलंच नव्हतं त्याचं कारण सांगणारे. मला यात कुणाची थट्टा करायची नाही. भार्गवांच्या निबंधानं एक चांगलं काम केलं, लहान कणात धातू मिसळून त्याला उजेड देता येतो हे शेकडो लोकांच्या डोक्यात घातलं, आणि कणाचा पृष्ठभाग बांधला की उजेड वाढतो हेही दाखवलं. दुसरा भाग चुकला म्हणून पहिला खोटा होत नाही. पण उट्रेख्टच्या त्या निबंधाला पहिल्याच्या मानानं किती कमी लोक ओळखतात, हे मला खुपतं.

पृष्ठभागाची गोष्ट आता. चार नॅनोमीटर व्यासाचा झिंक सल्फाइडचा कण घ्या. त्यात जस्ताचे साडेआठशेच्या आसपास अणू बसतात. हा हिशेब कागदावर कुणीही करू शकतं. त्यातले सुमारे चाळीस टक्के अगदी बाहेरच्या थरात. गावातली चाळीस टक्के घरं वेशीवरच असावीत तसं. वेशीवरच्या अणूला सगळीकडून शेजारी नसतात, त्याचे हात मोकळे असतात, आणि अशा मोकळ्या हातांत ऊर्जा अडकून उष्णता होऊन जाते. एक टक्का मँगनीज घातलं तर या कणात आठ-नऊ आयन. सगळा खेळ आठ-नऊ जणांवर. म्हणून भेसळ इतकी महागात पडते. १९९९ साली बोरसे, देशमुख, शिंदे, दाते आणि कुलकर्णी या पुण्यातल्याच मंडळींनी जर्नल ऑफ मटेरिअल्स सायन्समध्ये दाखवलं की याच झिंक सल्फाइडच्या कणांत लोह किंवा निकेल घातलं तर उजेड विझतो. उजेड वाढवायच्या शर्यतीत कुणी उजेड विझवण्यावर का लिहील, असं वाटेल. पण ज्यानं बाटली धुवायला नळाचं गंजकं पाणी वापरलंय त्याला विचारा.

वेशीवरचा हा प्रश्न सोडवला शिकागोत. १९९६ साली हाइन्स आणि ग्योत-सिओनेस्ट यांनी कॅडमियम सेलेनाइडच्या कणावर दुसऱ्या पदार्थाचं कवच चढवलं आणि शोषलेल्यापैकी निम्मा उजेड परत मिळवला, साध्या खोलीच्या तापमानात. कवच कशाचं? झिंक सल्फाइडचं. नायकाला नायकाची भूमिका मिळाली नाही, अंगरखा व्हायची मिळाली, आणि त्यात ते गाजलं. २५ सप्टेंबर १९९८च्या सायन्समध्ये एकाच अंकात दोन गटांनी, अलिविसातोस यांच्या आणि शुमिंग नी यांच्या, अशा कवचधारी क्वांटम डॉट्सनी पेशी रंगवून दाखवल्या. नी यांच्या गटाच्या मोजणीत हे कण रोडामीन रंगापेक्षा वीसपट तेजस्वी आणि विटायला शंभरपट टणक होते. पुढे २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रुस आणि येकिमोव यांना क्वांटम डॉट्ससाठी मिळालं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल.

मग काम झालं का? नाही. कारण आतला गर कॅडमियमचा. २००४ साली संगीता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या पेशींवर दाखवलं की हवा आणि अतिनील उजेड लागून कणाचा पृष्ठभाग झिजला तर कॅडमियम सुटतं आणि पेशी मरतात. कवच चढवलं की कमी, पण भीती पूर्ण जात नाही. उंदरापर्यंत ठीक. माणसाच्या शिरेत कॅडमियम टोचायला कोणता डॉक्टर तयार होईल? तेव्हा लोकांना पुन्हा आमच्या पांढऱ्या पुडीची आठवण झाली.

इथे गोष्ट उलटते, आणि मला हा भाग फार आवडतो. ज्या सुस्तीला सगळे दोष मानत होते, जी नाहीशी झाली असं मानून एवढा आनंद झाला होता, ती कामाला आली. नगर रस्ता आठवा. पेशीचा स्वतःचा उजेड नॅनोसेकंदांत विझतो. मँगनीजचा मिलिसेकंदभर टिकतो. म्हणजे दिव्याचा एक झटका द्या, थोडं थांबा, नगर रस्त्याचे सगळे दिवे आपोआप मालवतील, आणि मग कॅमेऱ्याचं झाकण उघडा. तारा एकटा दिसेल. तारा तेजस्वी करायची गरजच नाही, आकाश काळं केलं की झालं. भार्गवांचा दावा खरा ठरला असता तर हे जमलंच नसतं! जलद कण पेशीच्या उजेडातच मिसळून गेला असता.

फुकट मात्र काही नाही. रिक्षाचा हिशेब परत काढू. आठ आयन, प्रत्येकी सेकंदाला फार तर पाचशे फोटॉन, म्हणजे चार हजार. भिंग, गाळण्या, कॅमेरा यांतून शंभरातले पाच पोचले असं धरा, दोनशे. दहांश सेकंदाच्या एका चित्रात वीस फोटॉन. वीस फोटॉनमध्ये नुसत्या योगायोगानं चार-पाचाचा चढउतार होतच असतो. म्हणजे एकेकटा कण जेमतेम दिसेल, तोही दिवा कमाल जोरात असेल तेव्हा. कण मोठा करा, आयन वाढवा, तर वाढतं, पण मँगनीज फार दाटीनं घातलं तर ते आपसातच ऊर्जा फिरवत बसतं आणि शेवटी ती कुठल्यातरी दोषात हरवते.

दुसरी अडचण अतिनील दिव्याची. तो त्वचेत शिरतच नाही, शिरला तर जाळतो. यावर तोडगा आला २०१३ साली, कोरियातल्या ह्योन तेघ्वान यांच्या गटाकडून, नेचर मटेरिअल्समध्ये. त्यांनी मँगनीज घातलेल्या झिंक सल्फाइडच्या कणांवर अतिनील टाकलाच नाही, ९२० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर टाकला, जो मांसात बऱ्यापैकी खोल जातो. एकट्या अवरक्त फोटॉनला हा कण दाद देत नाही. पण तीन फोटॉन एकाच क्षणी आदळले तर त्यांची बेरीज होते, ९२० भागिले तीन, म्हणजे तीनशे सातच्या आसपास. तिघं एकदम येणं फक्त लेसर जिथे एकवटतो त्या टिंबातच शक्य असतं, म्हणून आजूबाजूचं काही उजळत नाही. जिवंत उंदरातल्या गाठीची चित्रं त्यांनी अशी काढली. तोच पदार्थ, जो १९९५ साली गणेशखिंडीत पाण्यात बनत होता. मी असं म्हणत नाही की पुण्यानं कोरियाला दिला, शास्त्रात अशी सरळ वंशावळ नसते.

अवरक्तावरून आठवलं, दुर्मिळ मृदा धातूंचेही कण आहेत, अर्बियम, यटर्बियम यांचे, जे दोन अवरक्त फोटॉन एकामागून एक गिळून एक हिरवा काढतात. फ्रान्समध्ये ओझेल यांनी १९६६ साली ही युक्ती सांगितली होती. त्यावर वेगळं व्याख्यान होईल. आज त्यातली एकच गोष्ट सांगतो कारण मघाचा पण इथे परत येतो. २०१४ साली बर्कलीच्या एका गटानं दहा नॅनोमीटरहून लहान असे कण तपासले. नेहमीची कृती होती २ टक्के अर्बियमची, ती मंद लेसरखाली बाटलीभर कण एकत्र मोजून ठरलेली. त्यांनी एकेकटा कण प्रखर लेसरखाली ठेवला तर २० टक्के अर्बियमवाला पुढे गेला. मंद उजेडात पहिला तो प्रखरात मागे. स्टँडवर गर्दी आहे की नाही यावर कुठली रिक्षा चांगली ते ठरतं. तेव्हा सर्वांत तेजस्वी कण कोणता, हा प्रश्न अर्धवट आहे. कुठल्या दिव्याखाली, हे आधी सांगा.

वेळ झाली. एक-दोन प्रश्न घेऊ. हो, ताई, तुम्ही.

"माझ्या सासूबाईंचं छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं. असे कण वापरले असते तर डॉक्टरांना गाठ नीट दिसली असती का?"

ताई, खरं सांगतो. आज मी सांगितलेला झिंक सल्फाइडचा कण कुठल्याही रुग्णालयात माणसाला देत नाहीत. प्रयोगशाळेत, उंदरांपर्यंतच. माणसात चमकणारं जे वापरतात ते मुख्यतः रंग आहेत. इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग तर १९५९पासून मान्यता असलेला आहे, शस्त्रक्रियेत रक्तप्रवाह आणि लसिकाग्रंथी बघायला त्याचा आजही उपयोग होतो. तो झटकन विटतो, पण लघवी-पित्तातून शरीराबाहेर काय जातं, काय राहतं, हे त्याच्याबाबत माहीत आहे. कणाचं तेवढं माहीत नाही. नॅनोकणांपैकी सिलिकाचे, पोटात रंग भरलेले काही कण अमेरिकेत थोड्या कर्करुग्णांना देऊन पाहिले, त्याचा अहवाल २०१४ साली आला, ते मूत्रातून बाहेर पडतात असं दिसलं. तेव्हा तुमच्या सासूबाईंच्या डॉक्टरांनी काही हातचं सोडलं असं अजिबात मनात आणू नका.

अजून एक हात वर आहे. बोला... हो, ती काच. ती काच माझ्याकडे आहे. मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती मला दिली, खरं तर यंत्राबरोबर भंगारात जायची होती. आणलीय मी. इकडे या, दिवा लावतो, तुम्हीच बघा तिच्यातून काय जातं आणि काय नाही. आणि कोणीतरी ते वरचे दोन दिवे लावा आता.